नानांनी पृथ्वी मोजली तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान भाषणाला उभे राहिले की मी तोंडाला पदर लावून बसते. नाही लावला तर तोंडातून जे निघेल त्यानं बहिणीचं माहेर कायमचं तुटेल. धुळ्यात त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. ते मला अक्का म्हणतात. एवढ्या दोन शब्दांवर आमचं नातं इतकी वर्षं तगून आहे.

नानांना एकच भाषण येतं. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं, हे ते भाषण. साखरपुडा असो, बारसं असो, कुणाचा दहावा असो, नाना उभे राहतात आणि पूर्वजांना कामाला लावतात. एका वर्षी पूर्वजांनी विमान उडवलं. दुसऱ्या वर्षी अणू फोडला. ही विद्या त्यांना दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर प्राप्त होते आणि संध्याकाळपर्यंत आम्हा सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर येऊन पडते. मी ती न उघडता पुसून टाकते.

गेल्या उन्हाळ्यात पूर्वजांनी पृथ्वी मोजली.

आता ही माझ्या अंगणातली गोष्ट झाली. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता मी म्हातारी झाले. पृथ्वीचा आकार कसा, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात गोल म्हणायचा. कशावरून, असं विचारलं की अख्खा वर्ग छताकडे बघायचा. एखादी धीट मुलगी म्हणायची, बाई, पुस्तकात आहे. मुलींना मी सोडून द्यायची, त्या लहान होत्या. नानांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्यांच्या घरात पुस्तकही नाही.

शिवाय नाना खोटं बोलले असते तर मला इतका संताप आला नसता. ते खरं बोलत होते आणि त्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं. पृथ्वी जुन्या लोकांनी खरोखरच मोजली होती. एक ग्रीक होता, समुद्रकाठच्या शहरातलं मोठं ग्रंथालय सांभाळणारा. त्याच्या कानावर आलं की दूर दक्षिणेच्या एका गावात वर्षातल्या एका दुपारी विहिरीच्या तळाला ऊन पोचतं, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्याच दुपारी त्याच्या शहरात खांबाची सावली पडायची. आपण म्हणालो असतो, असेल बुवा, त्यांची विहीर तशी असेल. तो म्हणाला, सूर्य तर एकच, मग सावली इथं का आणि तिथं का नाही? मधली जमीन वाकलेली असल्याशिवाय हे होणार नाही. किती वाकली ते सावलीच्या कोनानं सांगितलं, दोन गावांमधलं अंतर पावलं मोजत चालणाऱ्या माणसांनी सांगितलं, आणि उरला तो नुसता गुणाकार.

आपल्याकडेही एक जण होता, गंगेकाठचा. चंद्राला कुणी राहू गिळत नाही, त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते, असं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं आणि पृथ्वीच्या गोळ्याचं मापही दिलं. पुढच्या पंडितांनी त्याला वेड्यात काढलं. आज त्याच्या नावानं छाती फुगवणारे नाना ग्रहण लागलं की पाण्याच्या माठात तुळशीपत्र टाकलं की नाही म्हणून माझ्या बहिणीवर ओरडतात. या दोघांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. नानांना नावंच तेवढी पाठ आहेत.

नानांची मुलगी, माझी भाची, त्या वर्षी बारावी झाली. दर सुट्टीत ती माझ्याकडे जळगावला येऊन राहायची आणि माझा जुना पृथ्वीगोल, त्याचा आस मोडलेला, मांडीवर घेऊन बसायची. तिला पुण्याला जाऊन भौतिकशास्त्र शिकायचं होतं. मार्क भरपूर होते. पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात तिनं अर्जही केला होता. घरी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, बघू. त्या घरात बघू म्हणजे नाही. फक्त नाही म्हणताना पकडलं जायची भीती असलेला माणूस तो शब्द वापरतो.

मग शिंदखेड्याला एक साखरपुडा झाला. अंगठ्या घालून झाल्या, जेवणाची बट्टी अजून चुलीवर होती, आणि तेवढ्या मोकळ्या वेळात नानांनी माइक घेतला. पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी नुसत्या एका काठीवर पृथ्वी मोजली, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी पदर लावलेलाच होता.

"कशी मोजली, पप्पा?" बायकांमध्ये बसलेल्या माझ्या भाचीनं विचारलं. तिच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. तिला वाटलं, बापाला माहीत असेल.

"कशी म्हंजे? काठीनी," नाना म्हणाले.

लोक हसले. नानांना ते आवडलं नाही. पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाचे आजोबा बसले होते. त्या आबांनी मागं वळून विचारलं, "पोरले येस का मोजता?"

"येतं, आबा," ती म्हणाली.

एवढ्या लोकांत मुलीला गप्प बस म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून नानांनी दुसरा मार्ग काढला. माइक तोंडाशी धरून ते म्हणाले, "मग मोजी दखाड. आकडा बराबर उना ते तुले पुनाले धाडसू."

मोजून दाखव, आकडा बरोबर आला तर पुण्याला पाठवीन, असा शब्द भर मंडपात गेला आणि पुन्हा टाळ्या पडल्या. स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायला घाबरणाऱ्या माणसानं ते काम पृथ्वीवर सोपवलं होतं. त्यांना खात्री होती की पोरगी हरेल. पूर्वजांना जमलेलं पोरीला जमेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. भाची मात्र माझ्याकडे बघून अशी हसली की मला एकदम धास्ती वाटली. तिनं बापाचा शब्द खरा धरला होता.

आपल्या खान्देशावरून सूर्य वर्षात दोनदा बरोबर डोक्यावरून जातो, एकदा मे संपताना आणि एकदा जुलैत परत फिरताना. त्या दुपारी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मेचा दिवस जवळ आला होता. दोन गावं लागतात एवढं पोरीकडून ऐकून नानांनी लगेच कार्यक्रम ठरवला, धुळ्यातलं एक मंगल कार्यालय घेतलं आणि फ्लेक्स छापून आणला. त्यावर एका बाजूला जटाधारी ऋषी, दुसऱ्या बाजूला नाना, आणि मध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं, धुळे ते जळगाव, खान्देश मोजणार पृथ्वी.

भाचीचा घाईघाईनं फोन आला. "मावशी, धुळे आणि जळगाव कसं चालेल?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. धुळे आणि जळगाव एकाच आडव्या रेषेवर आहेत म्हटलं तरी चालेल, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. दोन्हीकडे सावली एकाच दिवशी नाहीशी होणार. आपापल्या माध्यान्हीला मोजलं तर फरक जवळजवळ शून्य, आणि शून्याला कशानंही गुणलं तरी पृथ्वी निघत नाही. ग्रीकानं उत्तर-दक्षिण गावं घेतली होती ती उगीच नव्हे. इथंही एक काठी वर शिरपूरला आणि एक खाली चाळीसगावला रोवली असती तरी काम झालं असतं. मी नानांना फोन करून तसं सांगितलं.

"चाळीसगावले आपलं कोन शे, अक्का?" नाना म्हणाले.

ही आमच्याकडची रीत आहे आणि ती फक्त नानांची नाही. जिथं आपलं माणूस नाही, जिथं पाणी प्यायला घर नाही, तिथं काम काढायचं नाही. डॉक्टर निवडताना, देवाला जाताना, बाजार करताना आम्ही आधी तिथं कोण आहे ते बघतो आणि मग कामाचं बघतो. धुळ्याला नाना होते, जळगावला मी होते, म्हणून पृथ्वीनं या दोन घरांच्या मधूनच वाकायचं होतं. फ्लेक्सही छापून झाला होता. फ्लेक्स छापल्यावर नानांच्या घरात वस्तुस्थिती बदलते.

मी भाचीला म्हटलं, गेलं तुझं पुणं, तुझ्या बापानं तुला हरायलाच उभं केलंय. ती रडत होती. मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की रात्रीचं जेवण गेलं नाही.

पण एकदोन दिवसांनी तिचाच पुन्हा फोन आला, आणि आवाज पार बदललेला. "मावशी, चालतंय. धुळे-जळगावच चालतंय. फोन आहे ना आपल्याकडे."

मला आधी उमजलं नाही. तिनं समजावलं. जुन्या लोकांची अडचण काय होती, तर दोन गावांतला एकच क्षण पकडायचा कसा, हे त्यांच्या हातात नव्हतं. प्रत्येक गावाची माध्यान्ह ज्याची त्याची. म्हणून ते उत्तर-दक्षिण गेले, कारण तिथं दोन्ही गावांची माध्यान्ह एकदमच येते. आपण फोनवर एकमेकींशी बोलत मोजू शकतो. धुळ्याला सूर्य बरोबर डोक्यावर येईल त्याच क्षणी जळगावला तो डोक्यावरून थोडा ढळलेला असेल. किती ढळला ते मोजलं की दोन गावांमध्ये जमीन किती वाकली ते कळलं. मी इतकी वर्षं स्थानिक वेळेचा धडा शिकवला, प्रश्न काढले, पेपर तपासले, आणि त्या धड्याचा हा उपयोग कधी माझ्या मनात आला नव्हता. मला आनंद झाला. मी तिला सांगितलंही, की मला आनंद झाला.

काठीची सावली कडेला पुसट असते, बोट ठेवायला नेमकी जागा सापडत नाही. म्हणून तिनं दुसरी युक्ती काढली. माझ्या घराच्या जिन्यावरच्या छताला हवेसाठी एक चौकोन सोडलेला आहे. त्यावर मी पत्रा ठेवला आणि पत्र्याला खिळ्यानं भोक पाडलं. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, तो भोकातून खाली सोडला आणि त्याचं टोक जिथं टेकलं तिथं जमिनीवर खूण केली. भोकातून उन्हाचा एक गोल कवडसा खाली पडतो. तो खुणेवर आला की सूर्य डोक्यावर. खुणेपासून सरकला की किती सरकला ते पट्टीनं मोजायचं, भोकाची उंची ओळंब्याच्या दोरीवरून घ्यायची, आणि दोन्हींवरून कोन काढायचा. मंगल कार्यालयाच्या जिन्यातही तिनं अगदी असंच केलं. नानांची काठी बाहेर मंडपात होती, तिच्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

अंतराचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं होतं. ते भाचीला मोटारीत बसवून निघाले, पारोळ्याला चहाला थांबले, एरंडोलला एका गिऱ्हाइकाच्या शेतावर जाऊन आले आणि माझ्या दारात येऊन मीटरवरचा आकडा वाचून दाखवला. तो धरला असता तर पृथ्वी त्यांच्या चहापाण्याच्या मानानं फुगली असती. भाचीनं मान डोलावली आणि नंतर माझ्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर काढलं.

त्या दुपारी मी जिन्यात एकटी होते. मेचं ऊन, डोक्याला ओला पंचा, कानाला फोन. फोनमधून मला धुळ्याचा सगळा कार्यक्रम ऐकू येत होता. काठीला हळद-कुंकू लागलं. नारळ फुटला. नानांनी सांगितलं की आता बारा वाजतील आणि सावली अदृश्य होईल. बारा वाजले. सावली होती तिथंच होती. लोक कुजबुजायला लागले.

"सूर्य आज जरासा लेट शे," नाना माइकवर म्हणाले.

मी जिन्यात एकटीच हसले. आपलं घड्याळ पार मिर्झापूरकडच्या सूर्यावर लावलेलं आहे. आपल्याकडे खरी माध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, हे मी सातवीच्या मुलींना शिकवत होते. पूर्वजांकडे घड्याळ नव्हतं म्हणून त्यांना ही चूक करताच आली नसती. तिकडे लोकांनी काठीचा नाद सोडला आणि जेवणाच्या पंगतीकडे सरकायला लागले, ते ताटांच्या आवाजावरून कळत होतं.

"मावशी, येतोय," भाची फोनवर म्हणाली. मग मागं ताटं वाजत राहिली. "आता."

माझा कवडसा खुणेवरून पुढं गेला होता, पूर्वेकडे. मी पेन्सिलीनं त्याच्या मधोमध टिंब दिलं. खुणेपासून टिंबापर्यंत माझी तीन बोटं मावत होती. मी त्या तीन बोटांकडे बघत उकिडवी बसून राहिले. आयुष्यभर मी पृथ्वी गोल आहे असं सांगत आले होते, पण ती वाकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

भाचीनं हिशेब केला. तिचा आकडा आणि जगानं मान्य केलेला आकडा यांत शंभराला तिनाचा फरक आला. पत्र्याचं भोक, ओळंबा आणि एका म्हाताऱ्या बाईचं पेन्सिलीचं टिंब यांच्या जिवावर यापेक्षा जास्त काय मागायचं? ती फोनवर ओरडत होती आणि मीही ओरडत होते. तिनं तो आकडा नेऊन बापाला दिला. नानांनी तो माइकवर वाचला आणि म्हणाले, "आपल्या पूर्वजांचा आकडा आज धुळ्यात तंतोतंत खरा ठरला." मुलीचा उल्लेख त्यांनी केला नाही. जळगावचा केला, कारण ते फ्लेक्सवर होतं.

चार दिवस मी वाट बघितली. पुण्याहून कळलं होतं की भाचीला जागा मिळेल. नाना काही बोलेनात. मग मी एसटीनं धुळ्याला गेले. बहिणीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. माझी बहीण त्या घरात नेहमी आतच जाते. मला तिचाही राग यायचा, खोटं कशाला सांगू. ती शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती आणि लग्नानंतर तिचं बोलणंच संपलं होतं.

मी नानांना विचारलं, "शब्द दिला होता. कधी पाठवताय पोरीला?"

नाना गादीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी मोबाइल काढला, त्यात पृथ्वी शोधली आणि माझ्यासमोर धरला. "आकडा बराबर कोठे उना, अक्का? हाई देखा. हाऊ दुसराच शे."

"शंभराला तीन, नाना."

"पन चुकनाच ना. शास्त्रमा फरक चालस का?"

त्या क्षणी माझ्या तोंडावर पदर नव्हता, तरी माझ्या तोंडातून काही निघालं नाही. मंडपात पूर्वजांच्या नावावर जो आकडा तंतोतंत होता, तो घरात येऊन मुलीच्या नावावर चुकीचा झाला होता. ज्या माणसानं जन्मात बियाणाच्या पिशवीशिवाय काही मोजलं नाही, तो मला शास्त्रातला काटेकोरपणा शिकवत होता. भाची दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेली. मी चहा न घेता निघाले. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी रागानं रडत होते.

जुलैत सूर्य परत फिरला, आणि नानाही. मेच्या कार्यक्रमाचा गाजावाजा झाला होता. दोंडाईच्याहून, साक्रीकडून लोक विचारत होते. या वेळी मंडप मोठा, फ्लेक्स मोठा, ऋषींच्या बरोबरीनं नानांचा फोटो मोठा, त्यावर लिहिलेलं, खान्देशानं मोजली पृथ्वी. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी बोलावले होते. मलाही आमंत्रण होतं, पहिल्या रांगेचं. पुण्याची जागा घ्यायला आता थोडेच दिवस उरले होते आणि भाचीचं नाव धुळ्याच्या कॉलेजात घालायचं नानांनी ठरवून टाकलं होतं. मी जाणारच नव्हते. भाचीनं फोन करून सांगितलं, "मावशी, तू ये." म्हणून गेले.

जुलैत खान्देशात आभाळ असणार, हे कुणालाही कळलं असतं. त्या दिवशी सकाळपासून ऊन पडलं नव्हतं. काठीला हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, आणि सावली आधीपासूनच नव्हती, कारण सूर्यच नव्हता. लोक वर बघत बसले. पुढारी जांभई देत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "नाना, मागच्या वेळी किती आकडा आला होता? तो तरी सांगा लोकांना."

नानांना आकडा आठवेना. त्यांनी भाचीला हाक मारली आणि तिच्या हातात माइक दिला.

ती मंडपाच्या मध्ये उभी राहिली. आवाज साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. "मे महिन्यात मी इथून आणि माझ्या मावशीनं जळगावहून पृथ्वी मोजली. आकडा बरोबर आला तर मला पुण्याला शिकायला पाठवीन, असं पप्पा शिंदखेड्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते. नंतर घरी म्हणाले, आकडा चुकला, म्हणून पाठवणार नाही. पप्पा, चुकलेला आकडा इथं सांगू का?"

शिंदखेड्याचे ते आबाही आले होते, त्यांनी काठीवर हनुवटी टेकली आणि नानांकडे बघायला लागले. पुढाऱ्यांची जांभई गेली. ते हसून म्हणाले, "मग काय नाना, बरोबर होता की चूक?"

माझ्या मनात आलं, सुटली पोरगी. याला आता दोनच वाटा होत्या. बरोबर म्हणाला तर पोरीला पाठवावं लागणार. चूक म्हणाला तर डोक्यावरचा फ्लेक्स, ते ऋषी, मेच्या टाळ्या, सगळं खोटं ठरणार. आणि पूर्वजांना चूक म्हणणारे नाना मी या जन्मात कल्पू शकत नव्हते. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होते, असं मला वाटत होतं.

नानांनी भाचीच्या हातून माइक घेतला. त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, पुढाऱ्यांकडे बघितलं, मुलीकडे बघितलं नाही.

"चुकेल व्हता," ते म्हणाले. "तो आकडा चुकेल व्हता."

कुणीतरी मागं हसलं. नाना मान खाली घालून उभे राहिले, पण त्यांनी शब्द मागं घेतला नाही. त्यांना पूर्वज नकोच होते, हे मला तेव्हा कळलं. पोरगी घरात राहत असेल तर पूर्वज गेले तरी चालणार होते. इतके दिवस मी त्यांना मूर्ख समजत होते. मूर्ख माणूस इतक्या लवकर हिशेब करत नाही.

बायकांच्या रांगेतून माझी बहीण उठली. तिला मंडपात चालताना मी कधी बघितलं नव्हतं, ती नेहमी भांड्यांच्या बाजूला असायची. ती लोकांच्या मधून सरळ आली. नवऱ्याकडे तिनं नजरही टाकली नाही. तिनं मुलीचा दंड धरला आणि तिला माझ्या खुर्चीपाशी आणून उभं केलं.

"अक्का, इले तू पुनाले लई जाय," ती म्हणाली. "आजच. कपडा मी नंतर धाडसू."

"आणि नाना?" मी विचारलं.

"यास्ले मी देखसू."

माझी खुर्ची पहिल्या रांगेत आणि नानांच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. मी भाचीचा हात धरला आणि आम्ही दोघी पंगतीच्या बाजूनं रस्त्यावर आलो. स्टँडपर्यंत आम्ही चालतच गेलो.